दुपट्यातला कॉम्प्युटर

माझ्या दुकानात येणारा माणूस आधी माझ्या नवऱ्याकडे बघतो. नवरा दारातच झेरॉक्स मशीनपाशी बसतो, चष्मा लावतो, पोटही मालकाला शोभेल असं आहे. गिऱ्हाईक पिशवीतून सीपीयू काढून त्याच्यापुढे ठेवतं आणि रडगाणं सुरू करतं. हा सगळं शांतपणे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि शेवटी अंगठ्याने मागे खूण करतो, "डॉक्टर आत हायती." आत मी असते, हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि नाकावर धूळ. त्या वेळी गिऱ्हाइकाचा चेहरा कसा होतो, ते बघण्यात माझी बरीच वर्षं मजेत गेली. आता लोक सरावलेत, त्यामुळे ती मजा कमी झाली.

मी मूळची औशाची. लग्न होऊन नांदेडला आले, नवऱ्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक टेबल मांडून घेतलं आणि लोकांचे घरचे कॉम्प्युटर उघडायला लागले. कशी शिकले, कुणी शिकवलं, हे सांगत बसले तर अंकाची पानं संपतील आणि संपादक पुन्हा माझ्या वाटेला जायचे नाहीत. मला सांगायचंय ते एका डिस्कबद्दल. म्हणजे खरं तर एका बाईंबद्दल, ज्यांनी ती डिस्क इतकी जपली, की जपण्यानेच ती मरायला टेकली.

ज्यांना यातलं काही गम्य नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॉम्प्युटरमध्ये आपलं सगळं जिथे साठतं ती डिस्क. पूर्वीची हार्ड डिस्क म्हणजे आत गरगर फिरणारी तबकडी आणि तिच्यावरून पळणारी सुई. एकाच फाइलचे तुकडे तबकडीवर चार ठिकाणी पडले की सुईची पळापळ व्हायची आणि मशीन रखडायचं. म्हणून मधूनमधून ते तुकडे गोळा करून ओळीने लावायचे, त्याला डीफ्रॅग म्हणत. पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून जागेवर जाऊन बसायचे. लोक चहाचा कप घेऊन ते बघत बसत. घर झाडून झाल्यावर जसं बरं वाटतं ना, तसं वाटायचं.

मग एसएसडी आली. तिच्यात फिरणारं काही नाही, सगळं चिपमध्ये. शाळेतली पाटी डोळ्यापुढे आणा. पाटी वाचल्याने झिजत नाही. पण नवं लिहायचं तर आधीचं पुसावं लागतं, आणि या पाटीची गंमत अशी की एक अक्षर पुसून भागत नाही, अख्खी पाटी पुसावी लागते. पुसून पुसून ती झिजते. तुकडे चार ठिकाणी असले तर तिचं काही बिघडत नाही, कारण सुईच नाही, पळायचं कुणी? म्हणजे जुन्या डिस्कला जे औषध होतं, तेच हिला अपाय.

लोकांना हे पटवणं महाकठीण. लातूरला मोंढ्यात आडत असलेले एक अप्पा आहेत, माझ्या माहेरच्या ओळखीतले. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा शर्ट, बोलणं तुपासारखं. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरला मी एसएसडी बसवून दिली होती. मशीन असं काही पळायला लागलं की अप्पांनी मला दुकानात बत्तासे आणून दिले. वर्ष व्हायच्या आत तेच अप्पा सीपीयू घेऊन लातूरहून नांदेडला आले.

"शरणार्थ अक्का. हे बघा की जरा. रोज झाडून काढतो, तरी लई सुस्त झालंय."

"काय झाडता, अप्पा?"

"आतलं. ते डीफ्रॅग. आधी दर सोमवारी पूजा झाल्यावर करत होतो. तुम्ही नवी डिस्क टाकली, म्हणलं तिचा मान जास्त, म्हणून रोज करून राहिलो."

नव्या विंडोजने एसएसडी डीफ्रॅग करायला नकार दिला होता, तर या माणसाने कुठूनसं जुन्या काळातलं सॉफ्टवेअर शोधून आणलं होतं. शिवाय व्हिडिओ बघून मशीन पळवणारी आणखी दोन सॉफ्टवेअरं टाकली होती. ती दोघं दिवसभर एकमेकांचा कचरा काढत बसलेली. डिस्क आपली तब्येत स्वतः सांगते, ते बघायचं एक साधन असतं. ते लावलं तर नव्या कोऱ्या डिस्कचं आयुष्य निम्म्यावर आलेलं.

मी अप्पांना पाटीची गोष्ट सांगितली. रोज अख्खी पाटी पुसून तुम्ही तीच अक्षरं पुन्हा काढून राहिलात, म्हटलं.

अप्पांनी सीपीयूवरून एकदा हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी रोज तिला घासून राहिलो?"

"हाव अप्पा."

"आन् ती एका शब्दानं बोलली न्हाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. मी ती सॉफ्टवेअरं काढून टाकली, डिस्कवर थोडी जागा कायम मोकळी राहील असं केलं आणि ट्रिम चालू केलं. ट्रिम म्हणजे कुठली पाटी आता कामाची नाही ते डिस्कला कळवणं, मग ती सवडीने पुसून ठेवते आणि पुढचं लिहिणं अडत नाही. अप्पांना म्हटलं, आता तिला तिच्या जिवावर सोडा, सोमवारी फक्त महादेवाची पूजा करा. ते हसले आणि बत्ताशांचा पुडा टेबलावर ठेवून गेले. ती डिस्क अजून चालू आहे.

पण अप्पांनी माझी झोप उडवली. त्यानंतर एसएसडी बसवून घेणाऱ्या प्रत्येकाला मी भाषण द्यायला लागले. डीफ्रॅग करू नका, उगाच कॉपी-पेस्ट करत बसू नका, सिनेमे भरून गळ्यापर्यंत आणू नका, लिहिलं की ती झिजते. नवरा बाहेरून ओरडायचा, "डॉक्टरीणबाई, पथ्य सांगून झालं असंल तर पुढचा पेशंट पाठवू का?"

हे भाषण ज्यांनी ऐकलं त्यातले निम्मे दारातून बाहेर पडेपर्यंत विसरले. एक व्यक्ती मात्र विसरली नाही. त्या वत्सला सिस्टर.

सिस्टर बिलोली तालुक्यात एका उपकेंद्रात नर्स होत्या. सगळी नोकरी त्याच भागात झाली. पांढरी साडी, खांद्यावर पर्स आणि आवाज असा की रस्त्याने जाणारा माणूस उगाचच सरळ चालायला लागायचा. घरातली शिकून सरकारी नोकरीला लागलेली पहिली मुलगी त्या. पहिल्या पगारात आईला लुगडं घेतलं आणि पुढे पैसे साठवून स्वतःला एक रोलचा कॅमेरा. आणि त्या कॅमेऱ्याने त्यांनी एक रीत पाडली. उपकेंद्रात बाळंतीण झालेली बाई घरी निघाली की तिला खिडकीपाशी खाटेवर बसवायची, बाळ मांडीवर द्यायचं आणि फोटो काढायचा. शेतावर मजुरीला जाणाऱ्या बायका त्या. कित्येकींचा तो आयुष्यातला पहिला फोटो.

"ह्या बाया बाळाकडंच बघत बसत्यात वो," त्या सांगायच्या. "मी म्हणायची, लेकराला जलमभर बघायचंच हाय, आता वर बघ, माझ्याकडं. दोन दम दिले की बघायच्या."

ही लेकरं मोठी झाली की सिस्टरांच्या घरी यायची. दहावी पास झालं म्हणून, नोकरी लागली म्हणून, लग्न ठरलं म्हणून. आणि सिस्टर कपाटातून त्याचा फोटो काढून दाखवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनात आलं, ज्याचा फोटो त्याला देऊन टाकावा. पण आपल्याकडेही राहायला हवा. म्हणून ते सगळे अल्बम घेऊन त्या आमच्या दुकानात आल्या. माझ्या नवऱ्याने कितीतरी दुपारी बसून ते फोटो स्कॅन केले. मी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरला एसएसडी बसवली, फोटो तिच्यात भरले, शिवाय एका पेनड्राइव्हवर घालून दिले. आणि भाषण दिलं.

सिस्टरांनी ते कसं ऐकलं ते मला अजून आठवतं. पर्स मांडीवर, नजर माझ्यावर, एक शब्द मध्ये नाही. शेवटी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे वापरली की झिजती?"

"लिहिलं की झिजते, सिस्टर."

"बरं," म्हणाल्या, आणि उठल्या.

आता आपल्याकडे चांगल्या वस्तूचं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. नव्या सोफ्यावर जुनी चादर. काचेचे कप शोकेसमध्ये, आणि पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यात, कारण ते पाहुणे कपाएवढे मोठे नसतात. माझ्या सासूबाईंची एक साडी घडी न मोडताच फाटली, घडीवर. वापरायची नाही तर घेता कशाला, असं मी सतत म्हणते आणि माझ्या माळ्यावर आहेराचा कुकर खोक्यासकट आहे. ते असो.

या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, सिस्टर दुकानात आल्या. बरोबर एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, ओढणी घट्ट गुंडाळलेली, बोटांत बोटं अडकवून उभी. आणि सिस्टरांच्या कडेवर एक गाठोडं. लहान बाळाला गुंडाळतात तसलं हाताने शिवलेलं दुपटं, आणि आत सीपीयू.

माझा नवरा उठून उभाच राहिला. सिस्टर म्हणाल्या, "हसू नका. बसमधी कंडक्टर म्हणला, ह्याचं हाफ तिकीट काढायचं का. म्हणलं, आधी वय तर ओळख."

मुलीचं नाव शीतल. तिचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं, सासर धर्माबादचं. शीतलचा जन्म सिस्टरांच्याच हातचा. तिची आई बाळंतपणातून उठून घरी गेली आणि बाळ महिन्याचं व्हायच्या आत तापाने गेली. आईच्या लग्नात फोटो काढले नव्हते. पुढे काढायला वेळच मिळाला नाही. आईचा म्हणून जगात जो एक फोटो होता तो सिस्टरांनी काढलेला, आणि तो त्यांनी फोटो परत देण्याच्या त्या दिवसांत शीतलच्या आजीच्या हातात दिला होता. शीतल तेव्हा शिकायला बाहेरगावी होती, आणि तिने तो बघायच्या आतच आजीच्या घरात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा पेटीतल्या सगळ्या सामानाबरोबर त्याचाही लगदा झाला. शीतलने तो लहानपणी सिस्टरांच्या घरी पाहिला होता, पण आता चेहरा आठवत नव्हता. गेलेल्या माणसाचा फोटो लग्नात मांडवात ठेवतात. तिला तो हवा होता.

"मी म्हणलं, काळजी करू नको, माझ्याकडं कॉम्प्युटरात हाय," सिस्टर म्हणाल्या. "काढला, सोडला, लावला. तर पडदा निळा. काहीबाही इंग्लिश आलं आन् बंद."

"शेवटचा कधी लावला होता?"

"लावला कशाला असता? तुम्हीच म्हणला न्हवता का, वापरला की झिजतो म्हणून. चार उन्हाळे झाले, माळ्यावर नीट गुंडाळून ठेवलाय. दर महिन्याला काढून पुसत होते वरून. एवढासा ओरखडा न्हाई बघा."

माळ्यावर. बिलोलीत. पत्र्याखाली. चार उन्हाळे.

मी दुपटं सोडलं. एसएसडीत जे साठतं ते म्हणजे विजेचा थोडा थोडा साठा, अगदी बारीक खणांत कोंडलेला. रांजणातलं पाणी जसं नुसतं ठेवलं तरी झिरपतं, तसा तो साठा हळूहळू झिरपतो. मशीन चालू असलं की चांगली डिस्क आतल्या आत लक्ष ठेवते, कमी पडलं तिथे पुन्हा भरून घेते. वीजच नाही मिळाली तर भरणार कशी? आणि उन्हाने रांजण लवकर आटतो हे नांदेडकरांना मी काय सांगणार. चांगली नवी डिस्क अशी पुष्कळ दिवस तग धरते, पण पत्र्याखालच्या भट्टीत स्वस्तातली डिस्क किती धरणार.

"पेनड्राइव्ह?" मी विचारलं.

सिस्टरांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. "जावयानं नेला. गाडीत गाणी लावायला. जावयाला काय म्हणणार?"

ज्या कॉम्प्युटरवर स्कॅन केलं होतं तो केव्हाच भंगारात गेला होता, आणि रोलच्या निगेटिव्ह सिस्टरांनी स्टुडिओतून कधी परत आणल्याच नव्हत्या. राहिली होती ती एवढी दुपट्यातली डिस्क. मी सिस्टरांना झिरपण्याची गोष्ट सांगितली. जपून सांगितली, पण सांगितली. त्यांचा चेहरा उतरला. आयुष्यात शेकडो बायकांना त्यांनी सांगितलं असेल, लेकराला दूध पाजत राहा, नुसतं गुंडाळून ठेवू नका. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे उपाशी ठेवली मी तिला." शीतलने त्यांचा हात धरला.

आता अशा डिस्कला वाचवायचं तर पहिलं पथ्य म्हणजे तिच्यावर काहीच लिहायचं नाही. विंडोज भोळेपणाने म्हणते, मी दुरुस्त करू का? नाही करायचं. ती दुरुस्त करते म्हणजे लिहिते, आणि जे अजून पुसट दिसतंय तेही घालवते. डिस्क वेगळी काढायची, दुसऱ्या मशीनला नुसती वाचण्यापुरती जोडायची आणि आतलं सगळं जसंच्या तसं दुसऱ्या धडधाकट डिस्कवर उतरवून घ्यायचं. जे सहज वाचता येतं ते आधी. जिथे अडतं तिथे हट्ट करायचा नाही, पुढे जायचं, मग परत यायचं, पुन्हा विचारायचं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला जुनं काही आठवायला लावतो तसं ते काम आहे. अंगावर ओरडून उपयोग नाही.

आणि डिस्क तापू द्यायची नाही. मे महिन्यात. आमच्या दुकानात एकच कूलर, तो मी उचलून टेबलाकडे तोंड करून लावला. नवरा झेरॉक्सपाशी घाम पुसत बसला. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "पेशंट आयसीयूत हाय, हळू बोला."

सिस्टर मुलीला घेऊन गावी परतल्या, पण रोज सकाळी फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पेशंट कसाय?"

"वाचून राहिलाय, सिस्टर. हळू."

"ताप?"

डिस्क आपलं तापमान सांगते, म्हणून मी ते सांगायचे. "उतरलाय."

"बरं. घाई करू नका." आणि फोन बंद. एकदा मात्र बंद करायच्या आधी त्या थांबल्या. म्हणाल्या, "नंदा, त्या पोरीला मी शब्द दिलाय गं." एरवी त्या मला नंदाताई म्हणायच्या. त्या दिवशी मी जेवायला घरी गेलेच नाही, डबा तिथेच मागवला.

फोटो यायला लागले. आधी नावं आली, मग फोटो. एकेक उघडून बघायचे मी. खिडकी तीच, खाट तीच, हिरवी चादर तीच. प्रत्येक बाई वर बघतेय, कारण समोर सिस्टर दम देतायत. कुणी घाबरलेली, कुणी हसणारी, एक जण रागाने बघणारी, तिला बहुतेक मुलगी झाल्यावर घरून कुणी न्यायला आलं नसावं. बाळं सगळी सारखीच, लाल आणि सुरकुतलेली. माझा नवरा माझ्या मागे येऊन उभा राहायचा. "ही स्कॅन करताना मी म्हणलो होतो, हिचं नाक आपल्या मावशीवाणी हाय," असं काहीतरी आठवून आठवून सांगायचा. इतकी वर्षं एकत्र काम केलं आम्ही, पण एका पडद्याकडे दोघांनी असं बघत राहणं मला आठवत नाही.

बरेच आले. सगळे नाही आले. एका वर्षाचे जवळजवळ सगळेच गेले, फाइलचं नाव तेवढं उरलं आणि आत काही नाही. ती लेकरं उद्या सिस्टरांच्या दारात आली तर त्यांना काय सांगायचं, हा विचार मला अजून बोचतो. या धंद्यात हरलेल्या गोष्टी कुणाला दिसत नाहीत, मशीन चालू झालं की लोक खूश होऊन जातात.

शीतलचा फोटो अडून बसला होता. फोटो उतरवून घेणारा प्रोग्राम तिथपर्यंत जायचा आणि थांबायचा. मी पुढे काढायचे, परत आणायचे. डिस्क बंद करून गार होऊ द्यायची, पुन्हा लावायची. लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा मी दोघींना बोलावून घेतलं. जे आलंय ते आलंय, आता ही डिस्क आणखी काही द्यायची नाही, असं मला दिसत होतं.

दोघी माझ्या टेबलापाशी बसल्या. मी शीतलला आधीच सांगितलं, "पूर्ण न्हाई आला बरं का. वरनं खाली येतो फोटो. निम्मा आलाय."

आणि उघडला.

वरच्या बाजूला खिडकी. खिडकीतून येणारं ऊन. एका तरुण बाईचं कपाळ, त्यावर हिरवं गोंदण, सरळ नाक, किंचित उघडे ओठ. हनुवटी, गळ्यातली काळी पोत. आणि तिथून खाली राखाडी. सरळ कापल्यासारखा, गुळगुळीत, करडा रंग. खाट नाही, चादर नाही, मांडी नाही, बाळ नाही.

शीतल खुर्ची पुढे ओढून इतकी जवळ गेली की तिचा श्वास पडद्याला लागला. तिने आपल्या नाकावरून बोट फिरवलं. मग पडद्यावरच्या नाकावरून. मी वळून मदरबोर्डवरची धूळ झाडायला लागले, जी मी सकाळीच झाडली होती.

नवऱ्याला कुणी रडलेलं बघवत नाही. तो लगेच म्हणाला, "ताई, काळजी नको. दुसऱ्या कुठल्याबी फोटोतलं बाळ घेऊन मी खाली नीट जोडून देतो. खाट तीच, चादर तीच. कुणाला कळायचं पण न्हाई. बाळं काय, सगळी सारखीच दिसत्यात."

"नको," शीतल म्हणाली.

"आगं पण कोरं कसं ठेवायचं मांडवात?"

"नको काका. असाच द्या."

सिस्टर तोवर फोटोकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "ही लई हट्टी होती तुझी आई. सगळ्या बाया ऐकायच्या माझं. हिला मी सांगून सांगून दमले, वर बघ, माझ्याकडं बघ. रोल संपत आला होता, एकच फोटो राहिला होता. न्हाईच बघितलं तिनं. मग तसाच काढला. लई चिडले होते मी तिच्यावर."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. फोटो आल्यापासून मी चेहराच बघत होते, नजर बघितलीच नव्हती.

आम्ही दोघं धर्माबादला लग्नाला गेलो. आहेर म्हणून माळ्यावरचा तो कुकर दिला. खोक्यावरची धूळ पुसून नवऱ्याने वर चिठ्ठी लावली, "वापरण्यासाठी." सिस्टर नव्या साडीत पुढच्या रांगेत बसल्या होत्या आणि वाढप्यांना शिस्त लावत होत्या. त्यांच्या घरी आता तो कॉम्प्युटर बैठकीत आहे, नव्या डिस्कसह, उघडा. दर रविवारी सकाळी तो लावतात, चहा पिता पिता फोटो बघतात, आणि एक जादा प्रत माझ्या दुकानात, एक मुलीकडे ठेवली आहे. जावयाला हात लावायची परवानगी नाही. माझ्या भाषणातही आता एक वाक्य वाढलंय, आणि ते मी सगळ्यात आधी म्हणते. चालू ठेवा.

मांडवात, स्टेजच्या कडेला, एका खुर्चीवर हार घातलेली ती फ्रेम होती. येणारी माणसं नमस्कार करून पुढे जात होती. सासरकडच्या एक वयस्कर बाई थांबल्या, वाकून बघितलं आणि जवळ उभ्या असलेल्या शीतलला विचारलं, "खालचं असं कोरंच का सोडलं गं बाई?"

हळद लागलेल्या हाताने शीतलने फ्रेमची राखाडी बाजू दाखवली. "कोरं न्हाई, मावशी. तिथं मी हाय. ती बघा की, माझ्याकडंच बघून राहिलीय."